नाव कच्चं, हत्ती पक्के

ओल्या भिंतीवर रंग धरत नाही. आमच्या घरातली गरिबी एवढ्या एका वाक्यात सांगता येते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, भिंती रंगवायचे. जूनमध्ये आभाळ भरून आलं की सगळ्या तालुक्याला बरं वाटायचं. आमच्याकडं मात्र ब्रश रॉकेलात धुवून, जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर जायचे आणि आप्पा दारात बसायचे. तिथून पुढं चार महिने घर आई चालवायची. इंदापूर रोडला डाळिंबाची एक शेड होती, तिथं दिवसभर उभं राहून ती डाळिंबं निवडायची. मोठी वेगळी, मध्यम वेगळी, डाग पडलेली वेगळी. डागाळलेली घरी न्यायला मिळायची. आम्ही दोघी बहिणींनी त्या दिवसांत भाजीपेक्षा डाळिंबच जास्त खाल्लंय. ऐकायला श्रीमंतीचं वाटतं. रोज संध्याकाळी भाकरीबरोबर डाळिंब खाऊन बघा, मग कळेल.

आम्ही मूळचे शेळगावचे. तिथं घर होतं, रान नव्हतं. म्हणून आप्पांनी बारामतीत, कालव्याच्या अलीकडच्या एका गल्लीत दोन खोल्या बांधल्या. घर लहान, पण त्याची गल्लीकडची भिंत लांबलचक. आप्पा म्हणायचे, "मला घर नगं हुतं, भिंत पायजे हुती." ते चेष्टेत म्हणायचे की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही.

तुळशीचं लग्न लागलं की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा. आमच्याकडं लग्नघराची दर्शनी भिंत रंगवायची पद्धत आहे. मधोमध गणपती, दोन्ही बाजूंना सोंडेत माळा घेतलेले हत्ती, कडेला भालदार-चोपदार, वर कमानीत 'शुभविवाह' आणि खाली नवरा-नवरीची नावं. आप्पांचे हत्ती पार इंदापूरपर्यंत माहीत होते. ते हत्तीची सुरुवात पाठीपासून करायचे. एकच रेघ, शेपटीपासून कपाळापर्यंत, हात न उचलता. ती रेघ जमली की उरलेला हत्ती आपोआप येतो म्हणायचे.

भिंतीचे त्यांचे दोन नियम होते. पुढचं सगळं त्या दोन नियमांवर आहे, म्हणून आधी सांगते.

पहिला नियम: चित्र पक्कं, नाव कच्चं. गणपती आणि हत्ती ऑइल पेंटचे. नावं मात्र पुडीतल्या डिस्टेंपरची, पाण्यात कालवलेली. कारण घरात मागून धाकट्याचं लग्न निघतंच. तेव्हा हत्ती तेच ठेवायचे, नावं ओल्या फडक्यानं पुसायची आणि नवी लिहायची. घरमालकाचा खर्च वाचतो. पुसली नाहीत तरी दोन पावसाळ्यांत नावं आपोआप जातात. लोक गमतीनं म्हणायचे, "पेंटर, पोरगं रांगाय लागंस्तोवर बापाचं नाव गेलं की वो भितीवरनं." आप्पा म्हणायचे, "बाप घरात हाय नव्हं? मग भितीवर कशाला पायजे."

दुसरा नियम: लग्नाच्या भिंतीवर तिसरं नाव नसतं. सिमेंटची, खताची जाहिरात रंगवली की पेंटर खाली कोपऱ्यात आपलं नाव आणि गाव टाकतो. आप्पाही टाकायचे. पण लग्नाच्या भिंतीवर कधीच नाही. तिथं दोघांचंच नाव, तिसरा आला की विघ्न. त्यामुळं त्यांची उत्तमातली उत्तम कामं बिननावाचीच राहिली.

मग फ्लेक्स आले. एका हंगामात निम्मी लग्नं गेली, दुसऱ्या हंगामात उरलेल्यांतली बहुतेक गेली. आप्पा घरांना आतून चुना मारायला जाऊ लागले. त्याच काळात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. ताईनं बारावीनंतर शिक्षण सोडलं आणि काटेवाडीच्या बाजूला एका रोपवाटिकेत ट्रेमध्ये भाजीची रोपं लावायला जाऊ लागली. मी शिकले. मी बी.ए. झालेय. आईकडच्या आणि आप्पांकडच्या, दोन्ही घरांत पहिली. हे मी जिथं तिथं सांगते, कारण सांगायला मला आवडतं.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. सगळे म्हणाले, फ्लेक्स लावा, एका तासाचं काम. आप्पांनी ऐकलं नाही. "जगाच्या पोरींची भित मी केली, आन माझ्या पोरीला कापड टांगू व्हय?" थरथरत्या हातानं त्यांनी आठ दिवस काम केलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरायचं आणि रेघ ओढायची. पहिले दिवस मी सूत मारायला होते. म्हणजे गेरूत भिजवलेली सुतळी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधे उचलून सोडायची, की भिंतीवर सरळ लाल रेघ उठते. अक्षरं त्या रेघेवर बसतात. दुसरं टोक मी धरलेलं. पण नावं लिहिली ते दोन दिवस माझी परीक्षा होती. मी घरी आले तेव्हा नावं लिहून झाली होती. डाळिंबी रंगात, सोनेरी कडेची. हत्ती इतके सुंदर होते की वऱ्हाडातली माणसं जेवणाआधी भिंतीपुढं उभी राहून फोटो काढत होती.

दोन वर्षांच्या आत ताई परत आली. तिकडं काय झालं ते तिनं एकदाच सांगितलं, आणि पुन्हा सांगणार नाही म्हणाली. म्हणून मीही इथं सांगत नाही. पुढं कोर्टातून रीतसर कागद झाला. ज्यांना मी दाजी म्हणायचे त्यांना आता काय म्हणायचं ते मला कळत नाही. इथं 'तो माणूस' म्हणते.

तर त्या माणसाचं नाव आमच्या भिंतीवर होतं.

मी म्हटलं, पुसून टाकूया. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कच्चं हाय. पाऊस न्हील." मला ते पटलं, नियमच होता तो. पावसाळा आला आणि गेला. गल्लीतल्या तिसऱ्या घरावर ताईच्याच वर्षीची भिंत होती, तिथली नावं धुऊन कधीच फिकट गुलाबी झाली होती, जवळ गेलं तरी वाचता येत नव्हती. आमच्याकडं सोनेरी कडसुद्धा गेली नाही. दुसरा पावसाळा. तिसरा. मी घरातून निघताना रोज त्या नावाशेजारून जायची आणि रोज मला तेच कोडं पडायचं: हे जात का नाही?

आईनं त्याचा अर्थ लावला होता. सकाळी दाराला पाणी मारताना ती भिंतीकडं बघायची, आणि एके दिवशी शेजारच्या काकूंना सांगताना मी ऐकलं. "सगळ्यांची नावं गेली, आमचंच ऱ्हायलं. देवाच्या मनात काय तरी हाय बघा. माझी लेक नांदायला जाणार."

मी म्हटलं, "आई, कोर्टाचा कागद झालाय."

"कागद मानसाचा असतुया," आई म्हणाली. "ही भित बघ."

मी बी.ए. झालेली बाई, तरी मीही भिंतीकडं बघितलं. कारण नाव खरंच जात नव्हतं. आप्पांकडं बघितलं तर ते चपलेचा अंगठा बघत बसलेले.

आणि ताई? तिचं तर मला काहीच कळत नव्हतं. तिनं नाव पुसा असं कधी म्हटलं नाही, ठेवा असंही नाही. रोज सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी नखात माती घेऊन यायची. रविवारी मात्र ती ओलं फडकं घेऊन हत्तींवरची धूळ पुसायची. सोंड, कान, पाय. नावांपाशी येऊन थांबायची आणि बादली उचलून आत जायची. मी ठरवून टाकलं की तिला ते नाव सहन होत नाही, पण आईपुढं बोलता येत नाही. तिला विचारलं नाही.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या भागातल्या गल्ल्या रंगवायचं काम घेतलं. भिंतींवर मोठी मोठी चित्रं काढणार होते, आणि घरोघरी जाऊन मालकांच्या संमतीच्या सह्या घ्यायला त्यांना गावातलं शिकलेलं माणूस हवं होतं. ते काम मला मिळालं. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. फॉर्मवर मालकाचं नाव, भिंतीची लांबी-उंची, आणि शेवटी एक रकाना: 'सध्या भिंतीवर काय आहे?' बाकीच्यांच्या फॉर्मवर मी भराभर लिहीत गेले. काही नाही. बोअरवेलची जाहिरात. येथे कचरा टाकू नये. पोरांनी कोळशानं काढलेली क्रिकेटची स्टंपं.

आमच्या फॉर्मपाशी पेन थांबलं. काय आहे आमच्या भिंतीवर? चित्र आहे? लग्न आहे? लग्न तर नाही. शेवटी लिहिलं, 'लग्नाचे जुने चित्र. पुसण्यास हरकत नाही.' घर आप्पांच्या नावावर. आप्पांनी न वाचता सही केली. माझ्यावर विश्वास म्हणून. मला वाटलं, चला, ताईची सुटका झाली. हत्तीही जाणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही असं म्हणता येणार नाही. आलं होतं. पण इतक्या वर्षांत मला एवढंच दिसत होतं की हत्ती आणि ते नाव एकाच भिंतीवर आहे.

काम गल्लीच्या वरच्या टोकाकडून सुरू झालं. चित्रं काढणारी चौघं पुण्याची, त्यांत एक मुलगी मुख्य. आधी सगळी भिंत पांढरी करायची, मग त्यावर चित्र. गल्ली तिथंच खुर्च्या टाकून बसली. सगळ्यांत पुढं आबा, आमचे शेजारी. वालचंदनगरला कारखान्यात आयुष्य काढून रिटायर झालेले, त्यामुळं कुठलंही काम नीट चाललंय का ते बघणं हा आपला हक्क आहे असं समजतात.

त्यांच्या भिंतीवर एका बाईचा चेहरा आला. अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात पानं.

"हिला आर्धंच तोंड काय म्हणून?" आबांनी विचारलं.

"आबा, ते तसंच असतं," मी म्हटलं.

"रंग संपला का?"

"नाही वो. तशी कल्पनाच आहे."

पुढच्या घरच्या काकू कमरेवर हात ठेवून आल्या. त्यांच्या भिंतीवर निळी गाय काढली होती. "तुज्या कल्पनेनं माझी गाय निळी केली. ही कल्पना दूध देती का, इचार तिला."

चित्रकार मुलगी हसली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही चहा द्या, मी दुधाचं बघते." काकूंनी चहा दिला. दोन दिवसांनी त्याच काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होत्या, "ही आमची गाय." मला माणसांचं खरंच कळत नाही.

सहाव्या दिवशी ती मुलगी आमच्या भिंतीपुढं आली. हातात पांढऱ्या रंगाचा डबा होता. तिनं तो खाली ठेवला. बराच वेळ ती हत्तीच्या पाठीची रेघ बघत होती.

"हे कुणी केलंय?"

"आमच्या वडलांनी."

"एका दमात काढलीय ही रेघ. कुठं जोड नाही." ती वळली. "फॉर्मवर 'पुसण्यास हरकत नाही' कुणी लिहिलं?"

माझं अक्षर होतं. इतकी वर्षं ज्या भिंतीवर मला फक्त एक नको असलेलं नाव दिसत होतं, तिथं हिला आल्या आल्या रेघ दिसली. अभिमान वाटला, लाजही वाटली, आणि दोन्ही एकदम वाटलं की माणसाला नक्की काय वाटतंय तेच कळत नाही.

एवढ्यात आई डाळिंबाच्या शेडवरून आली. पांढरा डबा बघितला आणि दारातच बसली. "ह्या भितीला हात लावायचा न्हाय."

"आई, हत्ती ठेवतील त्या. फक्त नावं जातील," मी म्हटलं.

"नावंच ऱ्हाऊ द्यात. हत्ती न्या कुठं न्यायचं तिकडं."

खुर्च्या आमच्या दाराकडं वळल्या. मला सगळ्यांसमोर वाद नको होता, म्हणून मी शहाणपणा करायला गेले. बादली घेतली, फडकं भिजवलं. चित्रकार मुलीला सांगितलं, अगदी शिकवल्यासारखं, "आमच्याकडं चित्र पक्कं असतं आणि नाव कच्चं. डिस्टेंपर. ओल्या फडक्यानं जातं." आणि त्या माणसाच्या पहिल्या अक्षरावर फडकं घासलं.

काही झालं नाही. जोरात घासलं. धूळ गेली आणि अक्षर नव्यासारखं चमकायला लागलं.

"धुऊन काढलीस की गं नाव," आबा म्हणाले. "आता लांबनं बी दिसंल."

सगळी गल्ली हसली. चित्रकार मुलीनं नखानं कड खरवडली, बोटाला लागलेलं बघितलं. "हे डिस्टेंपर नाही. ऑइल आहे. दोन हात मारलेत, आणि वरून वॉर्निश."

मी आप्पांकडं वळले. आईही वळली. आप्पा दाराच्या आत, उंबऱ्यापाशी उभे होते, उजवा हात डाव्यात धरून.

"आप्पा?"

ते उंबऱ्यावर आले. मग हळूच म्हणाले, "पोरीचं हुतं म्हणून पक्कं केलं."

"काय केलं?" आई.

"जगाची नावं कच्ची लिवली. म्हटलं, माझ्या लेकीचं तरी पुसू ने. दोन हात मारलं. वॉर्निश बी मारलं."

मला आधी कळेचना. मग एकेक पावसाळा आठवत गेला, आणि प्रत्येक पावसाळ्यात भिंतीकडं बघत उभी असलेली आई. देवाच्या मनात काय तरी हाय. देव नव्हता. वॉर्निश होतं.

आई ओरडली नाही. "मग इतकी वर्सं गप का बसला तुमी?"

"तू देवाचं नाव घेत हुतीस," आप्पा म्हणाले. "मधी कसं बोलावं मानसानं. मला वाटलं, आज न्हाय उद्या जाईल. माझा रंग इतका टिकतुया हे मला तरी कुठं ठावं."

ह्या शेवटच्या वाक्यात थोडा अभिमान होता. माझी शपथ, होता.

आई उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. आबा आपली खुर्ची उचलून निघाले आणि दोन पावलांवर पुन्हा टेकवून बसले.

ताई त्याच वेळी कामावरून आली. पिशवी खांद्याला, नखांत माती. गल्ली आपल्याच दारापुढं बसलेली बघून तिचा चेहरा उतरला. मी जे घडलं ते पुढं-मागं करत सांगितलं. फॉर्मवर मी काय लिहिलं तेही सांगितलं. ती चिडेल असं वाटलं. ती भिंतीजवळ गेली आणि तिच्या नावावरून बोट फिरवलं. त्या माणसाच्या नव्हे, तिच्या.

"आप्पा, हे पण पक्कंच हाय का?"

"तुजंच पयलं केलं," आप्पा म्हणाले. "मग एकाचं पक्कं आन एकाचं कच्चं बरं दिसंना, म्हणून त्याचं बी केलं."

ताईनं बोट उचललं. मग म्हणाली, "त्याचं काढा. माझं ऱ्हाऊ द्या."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. काकू म्हणाल्या, "आगं, एकटीचं नाव कुठं असतंय का लग्नाच्या भितीवर? लोक काय म्हणतील?"

"मग ही लग्नाची भित न्हाय," ताई म्हणाली. "माझी हाय."

मी तिला म्हटलं, "तुला हे नाव नकोच असेल असं मला वाटत होतं."

"तू इचारलंस का कधी?"

"तू पण बोलली नाहीस."

"काय बोलू? आई रोज भितीला हात जोडती, आन तू रोज तोंड फिरवून जाती. मला हत्ती आवडत्यात. आप्पांनी माझ्यासाठी आठ दिवस हात धरून काढल्यात. त्या मानसापायी ते कशाला जातील?" असं म्हणून ती हातपाय धुवायला आत गेली. तिला आवडतात म्हणून. एवढी सोपी गोष्ट मी तीन वर्षं कॉलेजात जाऊनसुद्धा ओळखली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू केलं. चित्रकार मुलगी म्हणाली, वरून पांढरा मारू, पाच मिनिटांत होईल. आप्पा म्हणाले, "न्हाय. वरनं मारलं की अक्षर खालनं उठतंय. खरवडूनच काढाय लागंल." मग लोखंडी पट्टी आणि पॉलिश पेपर घेऊन आम्ही दोघी बहिणी लागलो. आप्पांचं काम काढणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. दुपारपर्यंत एक आडनाव गेलं. आबा खुर्चीवरून सांगत होते, "हळू. गिलावा निघंल."

नाव गेल्यावर वरच्या कमानीचा प्रश्न आला. 'शुभविवाह' ठेवायचं का?

"'शुभ' ठिवा," आबा म्हणाले. "ते कुठंबी चालतंय."

म्हणून 'विवाह' काढलं, 'शुभ' ठेवलं. आता ते कमानीत एका बाजूला पडलं, आणि आप्पांना ते बघवेना. जेवताना दोनदा उठून बाहेर जाऊन बघून आले. लेक माघारी आली तेव्हाही हा माणूस एवढा अस्वस्थ झाला नव्हता, असं आई म्हणाली. कालपासून ती पहिल्यांदा बोलली होती. आप्पा हसले नाहीत, पण भाकरी पूर्ण खाल्ली.

ताईच्या नावाआधी लग्नात लिहितात ती 'चि. सौ. कां.' अक्षरं होती. ती तिनं कुणाला हात लावू दिली नाहीत. स्वतः खरवडली. पट्टीचा आवाज अंगावर येत होता. आई दारात उभी राहून बघत होती. ताईचं झाल्यावर आई पुढं आली, पदरानं भिंतीवरची भुकटी झाडली आणि म्हणाली, "लांबनं बघ गं, नीट गेलं का." तिला मनातून पटलं होतं का? माहीत नाही. मी विचारलंही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दाराला पाणी मारताना ती भिंतीकडं बघत नाही.

त्या माणसाच्या नावाची जागा मोकळी राहिली. चित्रकार मुलगी म्हणाली, "काका, इथं काय काढू?" आप्पा म्हणाले, "काय न्हाय. पांढरं ऱ्हाऊ दे. मोकळी जागा बी लागती भितीला." तिनं तेवढ्या चौकोनाला स्वच्छ पांढरा हात दिला आणि आमची भिंत तिच्या यादीतून काढून टाकली.

मग मला एक गोष्ट सुचली. इतक्या दिवसांत मला सुचलेली पहिली बरोबर गोष्ट.

"आप्पा, लग्नाच्या भिंतीवर तिसरं नाव नसतं. बरोबर?"

"व्हय."

"ताई म्हणते ही लग्नाची भिंत नाही."

आप्पा आत गेले आणि माळ्यावरचं गाठोडं काढून घेऊन आले. बनियनचं फडकं सोडलं, ब्रशांतला सगळ्यांत बारीक माझ्या हातात दिला. "माझ्यानं न्हाय जमायचं. तू लिव. शिकलीयस नव्हं."

त्यांनी सुतळी गेरूत भिजवली. ह्या वेळी दुसरं टोक त्यांनी धरलं. त्यांचा हात थरथरत होता, त्यामुळं रेघ दोनदा पुसावी लागली. तिसऱ्यांदा ताईनं त्यांचं मनगट धरलं आणि मी सूत मारलं. खाली उजव्या कोपऱ्यात, हत्तीच्या मागच्या पायापाशी, मी आप्पांचं नाव लिहिलं. पुढं 'पेंटर' आणि खाली 'बारामती'. शेवटचं अक्षर थोडं खाली उतरलं. आप्पा म्हणाले, "चाललं." आबा म्हणाले, "चाललं काय, उतरलंय ते." आप्पा म्हणाले, "आबा, तुमच्या बाईला आर्धंच तोंड हाय, त्ये बघा आधी."

मला अजून पुष्कळ गोष्टींचा उलगडा झालेला नाही. गल्लीतली माणसं आता सगळ्या चित्रांना एकच शब्द लावतात, 'आमचं', निळ्या गाईलाही आणि आमच्या हत्तींनाही, आणि कुणी फोटो काढायला आलं की दोन्हीकडं सारख्याच अभिमानानं बोट दाखवतात. त्यातलं खरं चित्र कुठलं, मला सांगता येणार नाही. ताईलाही मी पूर्ण ओळखलंय असं म्हणणार नाही.

पण आमच्या भिंतीवर आज गणपती आहे, दोन हत्ती आहेत, माझ्या ताईचं एकटीचं नाव आहे, आणि खाली ते सगळं काढणाऱ्याचं नाव आहे. ते मी लिहिलंय, ऑइल पेंटमध्ये. दोन हात मारलेत, आणि वरून वॉर्निश.